शनिवारचे डॉक्टर

बमरोलीच्या त्या चाळींमध्ये सकाळची पाळी कारखान्यात शिरली, की पाठोपाठ लीलाबाईची हाक यायची, "चला रे पोरंहो, खिचडी झाली!" खिचडी तेव्हा चुलीवर चढलेलीसुद्धा नसायची. पोरं रोज फसायची, आणि रोज फसायला मिळतं म्हणूनच बहुधा धावत यायची. एक कडेवर, एक बोटाला, बाकीची पदराला, अशी तिची वरात गटाराच्या कडेकडेने अंगणवाडीच्या खोलीपर्यंत जायची. गुजरातीत या कामाला तेडागर म्हणतात. घरोघर जाऊन मुलांना बोलावून आणायचं, त्यांची तोंडं धुवायची, रांधायचं, भरवायचं आणि दुपारी पुन्हा ज्याचं त्याचं पोर ज्याच्या त्याच्या दारात नेऊन सोडायचं.

मूळची ती शिरपूरकडची. नवरा काशिनाथ साड्या रंगवायच्या मिलमध्ये कामाला. बोटांची नखं कधी निळी, कधी जांभळी, त्यामुळे त्या आठवड्यात मिलमध्ये कोणता रंग चालू आहे हे अख्ख्या चाळीला कळायचं. दोन मुली धुळ्याकडे दिलेल्या. घरात दोघंच. वणीच्या देवीची तसबीर, तिच्यापुढे एक निरांजन, आणि शुक्रवारचा उपास. उपासाच्या दिवशीही पन्नास तोंडांना भरवून यायची आणि घरी आल्यावर पाण्याचा तांब्या तोंडाला लावायची. कुणाचं पोर ताटात हात घालत नसेल, तर तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. चिमणीचा घास, कावळ्याचा घास झाले, की तिसरा घास देवीचा. तो कुणी नाकारायचा नाही, असा तिचा नियम होता, आणि खरंच कुणी नाकारायचं नाही.

फक्त सुवर्णाची गायत्री नाकारायला लागली.

सुवर्णा लीलाबाईच्या भिंतीला भिंत लागून राहायची. अमळनेरकडची पोरगी, विशीच्या आतबाहेरची. नवरा हेमराज लूमवर. गायत्री दीड वर्षाची असताना सुवर्णाला पुन्हा दिवस गेले आणि गावाहून सासूचा निरोप आला, की पोटुशीचं दूध पोरीला बाधतं, तोड. सुवर्णाने तोडलं. पोरगी चार दिवस रडली, मग चहात बुडवलेल्या बिस्किटावर राहिली. त्यातच तिला हगवण लागली. हगवण थांबली, पण पोरगी हसायची थांबली ती थांबलीच. भिंतीला टेकवून बसवली, की तशीच बसून राहायची. माशी बसली तरी हात उचलायची नाही.

एरवी अंगणवाडीच्या हंसाबेनने तिला काट्यात टांगली असती आणि आकडा बघून लगेच पुढचं सांगितलं असतं. पण त्या महिन्यात हंसाबेनचा पाय जागेवर नव्हता. अठवा लाईन्सवरच्या एका मोठ्या सभागृहात पोषणाची परिषद भरायची होती आणि त्या भागाच्या अंगणवाड्यांना तिथे पदार्थांचं टेबल मांडायचं होतं. गूळ-तुपाची सुखडी, वाफवलेल्या मुठिया, मोड आणलेले मूग, सगळं करून नेणार कोण? तर लीलाबाई. तिच्या हातची सुखडी कधी कडक होत नाही, हे हंसाबेन वरच्या बाईंनाही सांगून आली होती.

"लीलाबेन, तमारे पण आववानुं छे. नावाचा बिल्ला मळशे."

"आणि डॉक्टर येतील का हो बेन?"

"अरे, मोटा मोटा! दिल्लीथी, मुंबईथी, वडोदराथी. दोनशे डॉक्टर!"

झालं. दोनशे डॉक्टर ऐकल्यावर लीलाबाईच्या डोळ्यांपुढे जे उभं राहिलं ते तिने आजवर पाहिलेलंच होतं. वस्तीत डॉक्टर आले, म्हणजे काय झालेलं होतं? तापी फुगून गेली तेव्हा आले होते, प्लेगच्या साली आले होते, डोळ्यांच्या मोतीबिंदूला आले होते. मांडव पडायचा, कापडी फलक लागायचा, टेबलामागे डॉक्टर बसायचे आणि आपण आपलं माणूस घेऊन पुढे व्हायचं. गोळ्या फुकट, वर बिस्किटाचा पुडा. फलक आणि डॉक्टर एका ठिकाणी दिसले, की आजारी माणूस न्यायचं, ही या चाळींची रीतच होती. मग हे तर केवढं मोठं! आणि तिथे ती नुसती रांगेतली बाई नसणार होती. तिच्या छातीवर बिल्ला असणार होता.

शोभा, समोरच्या खोलीतली, नळावर म्हणालीसुद्धा, "लीलाबाई, आता बिल्ला लागणार तुम्हाला! मग आम्हाला वळखशाल ना?"

"तुला नाही वळखणार, तुझी बादली पुढे सरकव आधी," लीलाबाई म्हणाली. पण आतून ती सुखावली होती.

मंगळवारी हेमराजच्या कारखान्यात वीज नव्हती म्हणून तो घरी होता. सकाळीच सुवर्णा साडी बदलून, पोरीला धडुत्यात गुंडाळून दारात उभी. हेमराज चपला घालत होता.

"मावशी, पोर तोंडच उघडत नही वं. मोठा दवाखानाले लई जातस."

लीलाबाईने पोरीच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. ती म्हणाली, "आरे हेमराज, तठे दिवसभर लाइनमा बसनं पडी, नि शेवटले कोन दखी? शिकाऊ पोऱ्या. शनवारले दिल्लीना डाक्टर येतीन. मन्ही वळख शे तठे. चार दिननी तं गोट शे."

हेमराज थांबला. त्याला लाइनीचा कंटाळा होता असं नाही. पण लीलामावशी सांगते म्हणजे विचार करून सांगते, असं त्या चाळीत सगळेच धरून चालायचे. किती पोरं तिच्या हातून उभी राहिली होती. त्याने चपला काढल्या. सुवर्णाने विचारलं, "नक्की दखतीन ना, मावशी?"

"मी सोता दखाडसू," लीलाबाई म्हणाली.

मग ती रोज दोनदा भिंतीपलीकडे जायची. मुगाचं पाणी, खिचडीची पेज, गुळाचं पाणी, जे जाईल ते घालायची. गुरुवारी तिने पोरीचे पाय हातात घेतले आणि तिला काय आनंद झाला! काटकीसारखे होते ते पाय गुबगुबीत दिसत होते. पावलं तर अशी वर आलेली, की पैंजण रुतत होतं. "दख वं सुवर्णा, आंग धरी राहिनी तुन्ही पोर! देवीले लागनी मन्ही हाक." सुवर्णाने पैंजण काढून ठेवलं आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. त्या दिवशी लीलाबाईने देवीपुढे गुळाचा खडा ठेवला.

शनिवारी टेम्पोत पातेली चढली. हंसाबेन पुढे, मागे लीलाबाई, आणि तिच्या शेजारी पोरीला मांडीवर घेतलेली सुवर्णा.

"आ कोण?" हंसाबेनने वळून विचारलं.

"माझ्या शेजारची. मदतीला घेतलीय," लीलाबाई म्हणाली. पोरगी धडुत्यात झोपलेली होती, तिचं तोंड दिसत नव्हतं. हंसाबेनच्या डोक्यात तेव्हा मुठियांशिवाय दुसरं काही नव्हतं.

सभागृह थंडगार होतं. फरशी अशी गुळगुळीत, की लीलाबाई पातेलं धरून जपून चालली. दाराशी तिला रेशमी फितीत अडकवलेला बिल्ला मिळाला, एक कापडी पिशवी मिळाली, आत कोरी वही आणि पेन. फलकही होता, भिंतभर. पण ज्या टेबलांमागे डॉक्टर बसलेले असतात ती टेबलं तिला कुठेच दिसेनात. होती ती त्यांचीच, सुखडीची आणि मुगांची. बाकी सगळीकडे कोट घातलेली माणसं हातात कप घेऊन एकमेकांशी इंग्रजीत बोलत होती. सुवर्णाला तिने बाहेरच्या पडवीत कुंड्यांपाशी बसवलं. "थांब, मी विचारून येते."

सुखडी सगळ्यांना आवडली. एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ दोनदा येऊन घेऊन गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तिने धीर केला. बिल्ला नीट केला आणि हिंदीत म्हणाली, "साहेब, आप डॉक्टर है ना? एक छोटी बच्ची लायी हूँ बाहेर. देखेंगे?"

त्यांनी सुखडी खाली ठेवली. चेहरा भला होता माणसाचा. "बहन, मैं डॉक्टर हूँ, पर दवाई वाला नहीं. मैं हिसाब वाला हूँ. कितने बच्चे, कितना वजन, उसका हिसाब." मग त्यांनी मागे वळून पाहिलं, कुणाला तरी शोधलं आणि म्हणाले, "रुको, किसी को पूछता हूँ." पण तेवढ्यात घंटा वाजली आणि सगळे आत जायला लागले. त्या गर्दीत त्यांच्या मिशा दिसेनाशा झाल्या.

हंसाबेनने तिला हाताला धरून आत नेलं. "चालो, बेसवुं पडे. आपल्यासाठी खुर्च्या राखल्यात." लीलाबाईला बाहेर जायचं होतं, पण बिल्ला लावलेल्या सगळ्यांनी बसायचंच, असं हंसाबेनचं म्हणणं. मधल्या रांगेतली जागा. दिवे मालवले. पडद्यावर चौकोन उजळला. पहिल्यांदा नुसत्या चढत्या-उतरत्या रेघा, त्या तिला कळल्या नाहीत. मागे कुणीतरी घोरत होतं. तिने मनात ठरवलं, की जेवणाच्या सुट्टीत एकाला तरी गाठायचंच. सुवर्णाने पोरीला पाणी पाजलं असेल का, याचाही विचार ती करत होती.

मग पडद्यावर एक मूल आलं.

पोट पुढे, केस तांबूस, तोंड रुसल्यासारखं. लीलाबाई खुर्चीत सरळ झाली. अशी पोरं तिने पाहिली होती. पुढचं चित्र नुसतं पायांचं. गुबगुबीत पाय, वर आलेली पावलं. त्या पावलावर कुणीतरी अंगठा दाबला होता. त्यापुढच्या चित्रात अंगठा नव्हता, पण त्याचा खड्डा तसाच होता, भिजलेल्या मातीत पाऊल उमटावं तसा.

बोलणाऱ्या बाई बडोद्याच्या डॉक्टर होत्या. आतापर्यंत इंग्रजी चाललं होतं. इथे त्या थांबल्या आणि अंगणवाडीच्या बायकांकडे बघून हिंदीत म्हणाल्या, "माँ को लगता है बच्चा मोटा हो रहा है. यह मोटापा नहीं, सूजन है. पैर ऐसे दिखें तो कल नहीं, उसी दिन अस्पताल."

लीलाबाई उठली. अंधारात लोकांच्या गुडघ्यांना धडकत, कुणाच्या पायावर पाय देत ती रांगेतून बाहेर पडली. हंसाबेन मागून "लीलाबेन, लीलाबेन" करत राहिली. पडवीत सुवर्णा होती तिथेच होती, पोरीवर पदर धरून. लीलाबाईने खाली बसून धडुतं बाजूला केलं, पायावर अंगठा दाबला आणि उचलला.

खड्डा तसाच राहिला.

"काय व्हयनं, मावशी?" सुवर्णाने विचारलं. लीलाबाई दाराकडे धावली, पुन्हा मागे आली, पुन्हा दाराकडे गेली. दारावरच्या माणसाने आत कार्यक्रम चालू असल्याचं सांगितलं. तेव्हा ती तिथूनच, आपल्या त्या चाळीच्या आवाजात, ओरडली, "डॉक्टरीणबाई! पाय सुजलेत वं पोरीचे! बाहेर आहे पोर!"

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. दिवे लागले. बडोद्याच्या बाई हातातली काठी टेबलावर ठेवून जवळजवळ पळतच आल्या. पडवीत फरशीवर बसल्या, अंगावर चांगली साडी होती तरी बसल्या. पोरीची पापणी उघडून पाहिली, हात हातात धरून पाहिला. मराठीच बोलल्या, "थंड पडलीय. गाडी कुणाची आहे? कुणाचीही आणा." कुणातरी पाहुण्यांना आणलेली गाडी दारात लागली. बाई स्वतः पुढे बसल्या. मिशांचे ते गृहस्थ धावत बाहेर आले होते. त्यांनी दार लावून दिलं आणि तिथेच उभे राहिले.

गाडीत बाईंनी मागे वळून विचारलं, "सूज कधीपासून आहे?"

सुवर्णाने लीलाबाईकडे पाहिलं. मग म्हणाली, "आजच दिसली, बाई."

"नाही," लीलाबाई म्हणाली. "गुरुवारपासून. मीच म्हटलं, पोर बाळसं धरतेय. आणि मंगळवारी दोघं दवाखान्यात निघाली होती, तेव्हा मीच थांबवलं. म्हटलं, शनिवारी मोठे डॉक्टर भेटतील."

बाईंनी तोंड पुढे फिरवलं आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "जरा लवकर." सुवर्णाने पोरीला दुसऱ्या मांडीवर घेतलं, लीलाबाईपासून लांबच्या.

दवाखान्यात तासाभरात सगळं झालं. बाटली लागली, नळी लागली, गरम कपड्यात गुंडाळलं. शिकाऊ डॉक्टर होता, मिसरूडसुद्धा नीट न फुटलेला. तो त्या पोरीपाशी खुर्ची टाकून बसला तो हललाच नाही. बडोद्याच्या बाई संध्याकाळपर्यंत थांबल्या. जाताना सुवर्णाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "तू पोटुशी आहेस, तू जेव. तू नाही जेवलीस तर तुझं नि पोटातल्याचं, दोघांचंही नुकसान." हेमराज कारखान्यातून तसाच आला होता, केसांत कापसाची भुरभुर. लीलाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तो बोलेल, शिव्या देईल, हात उचलेल, काहीही करेल, म्हणून उभी राहिली. तो म्हणाला, "मावशी, तू घर जा. काशिनाथकाका वाट दखत व्हई."

रविवारी पोरीने डोळे उघडले, आणि दूध दोन चमचे घेतलं असं कळलं. लीलाबाईने देवीपुढे अक्षरशः नाक घासलं. सोमवारी दुपारी पोरगी गेली.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. नदीच्या अंगाला नेऊन मातीत ठेवली. हेमराजने एकट्याने उचलून नेली, उचलायला दुसरं माणूस लागावं एवढं ओझंच नव्हतं. काशिनाथ मागे मागे गेला. बायका चाळीतच थांबल्या.

दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत. शेजारच्यांनी भाकरी न्यायची आणि घरच्यांना बळेच घास द्यायचा. कडू घास म्हणतात त्याला. त्या चाळीत कुणाचंही काही झालं तरी पहिला कडू घास लीलाबाईच्या घरचा, हे न सांगता ठरलेलं होतं. म्हणून संध्याकाळी तिने पिठलं टाकलं, भाकरी थापल्या. थापताना एक फाटली, ती तिने पुन्हा मळली. ताट झाकून ती उंबऱ्याशी आली आणि उभीच राहिली.

काशिनाथ मागून म्हणाला, "तू नको जाऊ. शोभाजवळ दे."

"शोभा काय शेजारीण आहे? ती समोरची आहे."

"लीला, ऐक. आज नको."

"आज नाही तर मग कधी?" ती म्हणाली आणि गेली.

सुवर्णा भिंतीला टेकून बसली होती, जिथे पोरगी बसायची तिथेच. हेमराज तोंड फिरवून खाटेवर. लीलाबाईने ताट पुढे ठेवलं, झाकण काढलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि हात पुढे केला. "घे वं माय. पोटातल्यासाठी तरी घे."

सुवर्णाने तिच्या हाताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग असता, तर लीलाबाईला कुठे बघायचं ते कळलं असतं.

"भूक नही, मावशी. ठेवी दे."

लीलाबाईचा हात तसाच राहिला. मग तिने तो घास ताटाच्या कडेला ठेवला. उठावं की बसावं कळेना. हेमराज खाटेवरून म्हणाला, "मावशी, नको तरास देऊ तिले." एवढंच. ती ताट उचलून बाहेर आली. चाळीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात होत्या. शोभाने तिच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि आत गेली.

लीलाबाई आपल्या खोलीत भिंतीशी बसली. ती भिंत अशी, की पलीकडे भांडं ठेवलं तरी इकडे कळायचं. थोड्या वेळाने शोभाचा आवाज आला. आधी हळू, मग दटावल्यासारखा. "आ कर. आ कर म्हणते ना. मी काय उठणार नाही इथून." मग काहीच नाही. मग सुवर्णाचं रडणं, पहिल्यांदाच, मोठ्याने. आणि रडता रडता मध्येच थांबून चावल्याचा, गिळल्याचा आवाज. मग पुन्हा रडणं. मग शोभा म्हणाली, "अजून एक."

लीलाबाईने भिंतीला कान लावला होता. तिने हात जोडले.

काशिनाथ दारात पाय धुवून आत आला. तिच्यापुढचं भरलेलं ताट त्याने पाहिलं.

"काय झालं? खाल्लं नाही तिने?"

"खाल्लं," लीलाबाई म्हणाली. "चांगलं जेवतेय."